सहा सुताचा मास्टर

टेम्पोवाल्याने गियरबॉक्स गॅरेजच्या दारात आणला तेव्हाच मी सांगितलं होतं, हा उतरवू नकोस, आल्या वाटेने परत ने. टेम्पोवाला माझ्याकडे बघेना, माझ्या पोरीकडेही बघेना. मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. आणि पोरगी त्याला म्हणते कशी, "दादा, आत त्या फळीवर ठेवा. बाबांचं मनावर घेऊ नका, त्यांना सकाळपासून पित्त झालंय."

मला पित्तबित्त काही झालेलं नव्हतं. मला राग आला होता.

मी चंद्रप्रकाश धुरी. मालाड पूर्वेला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, तीस वर्षं गॅरेज चालवतोय. गियर आणि क्लचचं काम म्हटलं की आजूबाजूचे गॅरेजवालेसुद्धा गाडी माझ्याकडे ढकलतात. अबोली माझी एकुलती एक मुलगी, वय सत्तावीस. नाव ठेवताना आमचा अंदाज साफ चुकला, कारण ही बया जन्मल्यापासून गप्प बसलेली नाही. अंधेरीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर मशिनच्या पार्टांची ड्रॉइंग काढते. आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात गाडी पळवायची. मातीचं मैदान, मध्ये खांब लावलेले, घड्याळ लावून एकेकाने गाडी काढायची. दोन कप आणलेत तिने घरी. आणलेत म्हणजे, आणले होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी मरोळला तिच्या स्कूटरला पाण्याच्या टँकरने उडवलं. डाव्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. सळई घातली, अकरा महिने घरात गेले. तिची डावी चप्पल मी माझ्या हाताने त्या टँकरच्या चाकाखालून ओढून काढली होती. एवढंच सांगतो, बाकीचं सांगायला लागलो तर हातातला पाना फेकून मारावासा वाटतो.

बरी झाल्यावर तिने जुनी गाडी विकली आणि ही निळी घेतली. जपानी, चार दरवाज्यांची, टर्बोवाली, पळायला वाघ, पण ऑटोमॅटिक. क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. मी खूश होतो. म्हटलं, देव पावला, पोरगी ऑफिसला जाईल-येईल, झालं. आणि आता ही बाई कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच गाडीचा हाताने टाकायचा गियरबॉक्स घेऊन आली! सोबत क्लच, फ्लायव्हील, पेडलांचा सेट, सगळं गोणीत भरून.

"ऑटोमॅटिकला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं. चालतेय झकास."

"मग डोक्यावर पडलीयेस का?"

"बाबा, वर्ष झालं, माझा डावा पाय गाडीत पाहुण्यासारखा बसून असतो. मॅटवर. त्याला कोणी काही काम सांगत नाही. तू पण नाही, आई पण नाही. फेब्रुवारीच्या शर्यतीला मी मैदानात नाव दिलंय. क्लच दाबून जाणार."

"मी हे काम करणार नाही."

"नको करू. भांडुपला एक जण करतो म्हणालाय."

भांडुप! माझ्या पोरीच्या गाडीचा गियरबॉक्स भांडुपचा कोणी पोरगा उघडणार, आणि मी इथे हवा चेक करत बसणार? तिला माझी दुखरी नस बरोबर ठाऊक. मी गोणी उघडली.

पण मनातून मला पटलं नव्हतं. मनातून मी नाहीच म्हणत होतो, आणि ते नाही मी कुठे नेऊन ठेवलं ते पुढे सांगतो.

त्याआधी क्लचचं एक सांगायला हवं, नाहीतर माझा अपराध तुम्हाला कळायचा नाही. पायाने पेडल दाबलं की वर एक छोटा सिलेंडर तेल ढकलतो. त्याला आम्ही मास्टर म्हणतो. ते तेल नळीतून खाली गियरबॉक्सवरच्या दुसऱ्या सिलेंडरला जातं, तो क्लच उघडतो. आता सायकलचा पंप आठवा. बारीक पंप हलका चालतो, जाड पंप मारताना घाम निघतो. मास्टरचंही तेच. ही मापं आमच्याकडे सुतात चालतात, आठ सुतांचा एक इंच. माझे वडील गिरणीत फिटर होते, सूत त्यांच्याकडून आलं. ह्या गाडीला मास्टर लागतो पाच सुताचा. त्याच अंगाचा, त्याच बोल्टांत बसणारा सहा सुताचाही मिळतो, दुसऱ्या गाडीचा. बाहेरून जुळे भाऊ. पण एका सुताने पेडल जवळजवळ दीडपट जड होतं.

अबोलीच्या पायाला किती झेपतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. रोज सकाळी ती जमिनीवर बसून, पाठ कपाटाला टेकवून, वजनकाटा भिंतीला लावून डाव्या पायाने रेटायची. स्वयंपाकघरातून वनमाला, माझी बायको, ओरडून विचारायची, "किती गं?" सुरुवातीला सहा यायचे. मग नऊ. दिवाळीनंतर चौदा. चौदा किलो ती चाळीस-पन्नास वेळा रेटू शकायची. त्याच्या वर गेलं की गुडघा थरथरायला लागायचा. फिजिओवाल्या मॅडमनी पण लिहून दिलं होतं, चौदा.

पाच सुताच्या मास्टरला पेडल बसतं साडेअकरा किलोला. सहा सुताच्याला साडेसोळा.

हा हिशोब मी एका संध्याकाळी खडूने पाटीवर केला आणि लगेच पुसला.

काम सुरू झालं. अबोलीने ऑफिसमधून रजा काढली. तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून ती सरळ चाकाच्या फळीवर आडवी होऊन गाडीखाली जायची आणि बाहेर आली की बंपर धरून उठायची. हात दिलेला चालायचा नाही. भाऊराव आणि मी वर. भाऊराव आमच्या गावचे, माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर माझ्याकडे आले ते आलेच. वय बहात्तर, नजर अधू, पण बोटांना सगळं दिसतं. जुना गियरबॉक्स खाली घेतला, फ्लायव्हील चढवलं, ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद लावलं. ऑटोमॅटिक गाडीत क्लच पेडलची जागा कंपनी एक झाकण मारून बंद करते. ते झाकण अबोलीने स्वतः काढलं आणि खिशात टाकलं. नवा बॉक्स चढवताना त्याचा दांडा क्लच प्लेटच्या बरोबर मध्यात जावा लागतो. केसभर इकडेतिकडे झाला की बसत नाही. मी आणि भाऊराव दोन बाजूंनी तोलून धरून, आणि खालून हिचा आवाज, "भाऊआजोबा, तुमची बाजू अर्धा सूत वर. बाबा, तू ढकलू नको, नुसता धर. आता द्या!" खट्‌ करून बसला. पहिल्या फटक्यात. मला एवढा अभिमान वाटला की मी ओरडलोच तिच्यावर, "डोकं बाजूला घे, पडलं म्हणजे?"

गुरुवारी ती फिजिओला गेली. भाऊराव जेवायला गेले. दुकानातून मास्टर मी आणला होता. एक नाही, दोन. दोन्ही टेबलावर ठेवले. मास्टरच्या अंगावर मापाचा आकडा ओतलेला असतो. सहा सुताचा घेतला, व्हाइसमध्ये धरला आणि कानशीने तो आकडा घासून काढला. मग त्या जागेवर काळा रंग मारला. जाड मास्टर क्लचला जास्त ढकलतो, त्याने क्लच खराब होतो, तेव्हा पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून त्याच्याखाली एक रबराचा ठोकळा पण लावला. बघा, गाडीची काळजी घेतली मी. मशिनला इजा होता कामा नये!

मला वाटलं होतं तरी काय? की ती दाबून बघेल, जमणार नाही, दोन दिवस रडेल आणि ऑटोमॅटिक परत लावून मागेल. मी लावून देईन. ती जिवंत राहील. एवढाच माझा विचार होता, आणि तेव्हा तो मला विचारच वाटला.

शुक्रवारी दुपारी हवा काढायची होती. नळीत हवा राहिली तर क्लच उघडत नाही, म्हणून एकाने वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडून हवा सोडायची. मी गाडीखाली, अबोली सीटवर.

"दाब!"

"दाबलं."

"धर!" मी निपल उघडला, बुडबुडे आले, बंद केला. "सोड!"

सुरुवातीला हवा असते तोवर पेडल मऊ असतं. जसजशी हवा निघते तसं ते भरत जातं. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. पंचविसाव्याला मला वरून तिचा श्वास ऐकू यायला लागला.

"उजव्या पायाने दाब," मी खालून म्हटलं.

"नाही."

"अगं, हवाच काढायचीय!"

"बाबा, तू खाली बघ. दाब म्हण."

मी दाब म्हणत राहिलो. धर म्हणत राहिलो. माझ्या डोक्याच्या वर, पत्र्याच्या पलीकडे, माझी पोरगी दात खाऊन पेडल धरत होती आणि मला ते सगळं कळत होतं. चौतिसाव्याला तिचा पाय पेडलवरून सटकला आणि पेडल ताडकन वर आलं. मी बाहेर सरपटत आलो. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. गुडघा नुसता नाचत होता.

म्हटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की नाही जमत.

ती म्हणाली, "माझाच पाय कमी पडला रे. चौदा पुरेल असं धरून चालले होते मी. आणखी तीन-चार किलो वाढवावे लागतील. वाढवते. तू टेन्शन घेऊ नको."

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, मला ते शब्दशः घशात झालं. "बघू," म्हणालो आणि हात धुवायला गेलो. हात पंधरा मिनिटं धूत होतो.

शनिवारी सकाळी वनमाला चहा घेऊन आली आणि समोर उभीच राहिली. "पोरगी पायाला तांदळाची पाच किलोची पिशवी बांधून वरखाली करतेय. पहाटेपासून. गुडघा बघा जाऊन, केवढा झालाय. तुमचं ऐकते ती, सांगा तिला." मी गेलो. सुजलेला गुडघा, वर बर्फाची पिशवी, आणि ही मोबाइलवर बघतेय की पायाची ताकद लवकर कशी वाढवायची. मी म्हटलं, "आराम कर." ती म्हणाली, "मंगळवारी गाडी चालू करायचीय." आणि मी तरीही बोललो नाही. रविवार गेला. सोमवार गेला. आता सांगताना लाज वाटते, पण गेले खरे.

मंगळवारी मोठं काम संपलं. आमच्या गॅरेजात मोठं काम संपून इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. गावाला देवापुढे घालतात तसंच. बॉनेटवर नारळ ठेवायचा, भाऊराव हात जोडून देवाला सांगणार, आणि त्या कामाला ज्या ज्या हातांनी हात लावला त्या प्रत्येकाने मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकाचाही आवाज आला नाही तर भाऊराव पहिल्यापासून सुरू करतात. गिऱ्हाइकं हसतात. हसोत. तीस वर्षांत मोठं काम उलटून आलेलं नाही.

भाऊरावांनी टोपी नीट केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान नवा काम हाती घेतला हा, ता तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अबोलीचा आवाज शेजारच्या इमारतीत गेला असेल. माझाही निघाला.

"तिच्या पायाक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या कामात कोणी मनात खोट धरली आसात, कोणी वाकडा-तिकडा केला आसात, तर ता आताच भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अबोली म्हणाली. एकटीच.

हे वाक्य भाऊराव दर वेळी म्हणतात. तीस वर्षं मी त्याला जांभई देता देता व्हय म्हटलंय. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच.

"चंदू, तुझो आवाज इलो नाय," भाऊराव म्हणाले. "परत." आणि त्यांनी पहिल्यापासून घातलं. पहिलं झालं, दुसरं झालं. खोट धरली आसात, वाकडा-तिकडा केला आसात. अबोली व्हय म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

"थांबा भाऊकाका," मी म्हटलं. "मास्टर सहा सुताचा आहे."

मग अबोलीने विचारलं, "दुकानवाल्याने चुकीचा दिला?"

बघा, तिनेच दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं की सुटलो असतो. दुकानवाल्याला चार शिव्या घातल्या असत्या, मास्टर बदलला असता, सगळे हसले असते.

"नाही. मी लावला. आकडा मी घासला. पेडल साडेसोळाला जाईल, हे बघून लावला."

ती बॉनेटला टेकली. डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. पँटवरूनसुद्धा सूज दिसत होती.

"चार दिवस मी ह्याला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "ह्या पायाला. रात्रंदिवस. म्हटलं, मेल्या, तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू साधं पेडल दाबत नाहीस."

"अबू, मला भीती वाटली गं."

"मला वाटत नाही? मला रोज वाटते! टँकर दिसला की अजून हात गार पडतात माझे. पण मी हरले असते ना, तर माझ्या पायाने हरले असते. मैदानात, सगळ्यांसमोर. ते चाललं असतं मला. तू मला घरातच हरवलंस. न सांगता."

मी रडलो. लपवत नाही. ती रडली नाही. भाऊरावांनी बॉनेटवरचा नारळ उचलून काखेत मारला आणि म्हणाले, "आज नारळ फुटूचो नाय. आणि तू, चंदू, तुझ्या बापाशीन माका सांगल्यान होता, पोरग्याक सांभाळ. आता काय सांगू त्याका?"

अबोलीने स्टूल ओढलं, पाय समोरच्या टायरवर लांब केला.

"काढ," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मी हात लावणार नाही, भाऊआजोबा लावणार नाहीत. एकट्याने काढ, एकट्याने लाव. पाच सुताचा आण आणि आधी माझ्या हातात दे."

मी पाच सुताचा आणला. तिने करंगळी आत घालून बघितली, मग अंगावरचा आकडा उजेडात धरून वाचला, मग भाऊरावांच्या हातात दिला. त्यांनी पण बोट घातलं. मग माझ्याकडे आला. डॅशबोर्डच्या खाली मान मोडून, पाठ उलटी करून दोन तास लागले मला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं काम नाही ते. कोणी दिवा धरला नाही. रबराचा ठोकळा काढला तो तिने मागून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

हवा मात्र त्या दिवशी काढली नाही. सूज उतरायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ती माझ्याशी "मीठ दे" आणि "पंखा बंद कर" एवढंच बोलली. वनमाला तर तेवढंही नाही. मी मात्र रोज सकाळी तिच्या व्यायामाच्या वेळी वजनकाटा भिंतीला लावून धरायला बसायचो. तिने बस म्हटलं नाही, ऊठ पण म्हटलं नाही. बर्फ, शेक, हळूहळू आठ, दहा, बारा, आणि नवव्या दिवशी पुन्हा चौदा.

मग हवा काढली. मी खाली, ती वर. दाब, धर, सोड. पंचवीस. तीस. चाळीस. चव्वेचाळिसाव्याला तेल स्वच्छ आलं, एक बुडबुडा नाही. वर श्वास जोरात होता, पण पाय सटकला नाही. बाहेर आलो तेव्हा ती पेडल आणि पावलाच्या मध्ये वजनकाटा धरून बसली होती. मी वाकून आकडा वाचायला गेलो.

"तू नाही," ती म्हणाली. "भाऊआजोबा वाचतील."

भाऊरावांना जवळचं दिसत नाही. त्यांनी चष्मा पुसला, काट्यावर नाक टेकवलं, आणि इतका वेळ लावला की माझा जीव टांगणीला लागला.

"साडेअकरा," ते म्हणाले.

नारळ त्या दिवशी फुटला. गाऱ्हाण्यात मी एवढ्या मोठ्याने व्हय म्हटलं की समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही आरे कॉलनीत गेलो. रस्ता मोकळा असतो, आणि तबेल्यांच्या पुढे एक चढ आहे, छातीवर येतो अगदी. सपाटीवर क्लच कोणीही सोडेल. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न जाता पुढे काढायची, तिथे डाव्या पायाची परीक्षा. मैदानातही तसा एक चढ असतो. ती चालवत होती, मी डावीकडे. दोघांच्या मध्ये हँडब्रेक.

अर्ध्या चढावर तिने गाडी थांबवली. पहिल्यांदा काढताना गाडी बंद पडली. माझा हात आपोआप हँडब्रेकवर गेला आणि मी तो खेचला.

"बाबा."

"मागे जात होती."

"जाऊ दे ना." तिने हँडब्रेक खाली केला. "ह्याला आता कोणी हात लावायचा नाही. मी पण नाही, तू पण नाही."

दुसऱ्यांदा पण बंद पडली. हातभर मागे गेलो. आणि नेमकी मागून बस आली. आरेतून जाणारी, रिकामी. आमच्या मागे थांबली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. आरशात बसचं तोंड एवढं मोठं दिसत होतं. मी माझा उजवा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो. खरंच बसलो, लहान पोरं बसतात तसा. देवाशपथ सांगतो, पन्नास वर्षांत ह्या हाताला एवढं जड काम मी सांगितलेलं नाही.

अबोलीने क्लच दाबला, गाडी चालू केली, पहिला टाकला. हॉर्न पुन्हा वाजला. तिने ब्रेकवरून पाय उचलला, आणि गाडी मागे सरकायला लागली. एक वीत. दोन विती. आरशातली बस मोठी व्हायला लागली. मी तिच्या डाव्या मांडीकडे बघत होतो. ती मांडी थरथरली, थांबली, आणि अगदी हळू वर आली, सुताने सूत. इंजिनचा आवाज दबला, गाडीचं नाक वर आलं, आणि गाडी चढाला लागली. बस खाली राहिली.

वर सपाटीवर तिने गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात गुडघ्यावर दाबून बसली. दम लागला होता तिला, आणि हसत होती. दोन वर्षांत तशी हसलेली मी बघितली नव्हती.

"दुखतोय?" मी विचारलं.

"दुखतोय. अजून दहा वेळा करणार."

"कर. मी बसतो."

"नाही. तू उतर."

"अगं, काही झालं तर..."

"तू बसलास की माझं अर्धं लक्ष तुझ्या हाताकडे जातं. उतर बाबा. त्या झाडाखाली थांब, मी येते."

भीती गेली नव्हती. अजून गेलेली नाही, आणि जाईल असं वाटत नाही. मी मांडीखालून हात काढला, मुंग्या आल्या होत्या. उतरलो आणि दार मीच लावलं.